प्रिंटर माझा, मग शाई कोणाची हे कंपनी कशी ठरवते?

वाचकाचे पत्र

मी विडी घरकुल भागात राहते. घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे लहानसे दुकान चालवते. मदतीला भाचीला ठेवले आहे. दहा महिन्यांपूर्वी नवी पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून १६,५०० रुपयांना रंगीत प्रिंटर घेतला. बरोबर आलेली शाई संपल्यावर मी दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज वापरू लागले. मूळ कंपनीचा संच साडेचार हजारांना पडतो, बाहेरचा बाराशेला, आणि छपाईत गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. गेल्या महिन्यात, ऐन प्रवेशांच्या गर्दीत, सकाळी प्रिंटर सुरू केला तर ‘हे कार्ट्रिज चालणार नाही’ असा संदेश आला आणि छपाई बंद पडली. आदल्या रात्रीपर्यंत तेच कार्ट्रिज चालत होते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, रात्रीत अपडेट झाले असणार; आता मूळ कार्ट्रिजच घालावे लागेल, आणि बाहेरची शाई वापरल्यामुळे तुमची वॉरंटीही गेली. चुलतदीर म्हणतात की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक मंच घेतच नाही. मिस्टर म्हणतात, विकून टाक आणि दुसरा घे. दुकानदार भला माणूस आहे, त्याला कोर्टात ओढायची माझी इच्छा नाही. माझे काही चुकले का? सोलापुरात बसून एवढ्या मोठ्या कंपनीविरुद्ध काही करता येते का? आणि सरकारला हे दिसत नाही का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. तुमचे काही चुकलेले नाही. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेले, तुमच्या प्रिंटरमध्ये बसणारे कार्ट्रिज विकत घेऊन वापरण्याला आपल्याकडचा कोणताही कायदा मनाई करत नाही. मनाई आहे ती नकली मालाला, म्हणजे प्रिंटर कंपनीचेच नाव आणि चिन्ह छापून विकलेल्या डुप्लिकेट कार्ट्रिजला. हे दोन्ही प्रकार पुष्कळदा एकाच दुकानात, कधी एकाच फळीवर ठेवलेले असतात, म्हणून रिकाम्या खोक्यावर कोणाचे नाव आहे ते आधी पाहून घ्या. बनवणाऱ्याचे स्वतःचे नाव असेल तर निर्धास्त राहा. वापरलेली कार्ट्रिज पुन्हा भरून विकणाऱ्यांवर लेक्समार्क या कंपनीने अमेरिकेत पेटंटच्या आधारे दावा लावला होता; तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी असा निकाल दिला की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, मग विकताना कंपनीने कोणत्याही अटी घातलेल्या असोत. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार कोणत्याही देशातल्या गिऱ्हाइकाला पटेल असा आहे. मात्र जे पेटंटच्या जोरावर अडवता येत नाही ते चिपच्या जोरावर अडवता येते, आणि तुमच्या दुकानात नेमके तेच घडले आहे.

कार्ट्रिजच्या पाठीवर नखाएवढी चिप असते. शाई किती उरली हे ती प्रिंटरला सांगते आणि त्याबरोबरच आपण कोणाचे आहोत हेही सांगते. ही ओळख तपासायची की नाही, आणि न पटल्यास काय करायचे, हे प्रिंटरच्या आतली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर ठरवते. प्रिंटर वाय-फायला जोडलेला असला की कंपनी ही आज्ञावली दूरवरून बदलू शकते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट मालिकेतील अनेक प्रिंटरांनी वेगवेगळ्या देशांत एकाच दिवशी बाहेरची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. त्याची तजवीज आधीच येऊन बसलेल्या अपडेटमध्ये करून ठेवलेली होती. ओरड झाल्यावर ग्राहकांना नीट कळवले नाही याबद्दल कंपनीने माफी मागितली आणि ज्यांना हवे असेल त्यांच्यासाठी ती तपासणी काढून टाकणारे वेगळे अपडेट दिले. (तुमच्या पत्रातले कंपनीचे नाव मी मुद्दाम गाळले आहे, त्यामुळे तुमची कंपनी हीच आहे असे कोणी समजू नये.) या घटनेतून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, ‘रात्रीत अपडेट झाले असणार’ हा सर्व्हिस सेंटरचा अंदाज आहे, पुरावा नव्हे. अपडेट आधीच येऊन पडलेले असू शकते, म्हणून फर्मवेअरचा क्रमांक आणि तारीख प्रिंटरमधून छापून घेतली पाहिजे. दुसरी म्हणजे, केलेला बदल मागे घेता येत नाही असे कंपनी म्हणाली, तर तसे याआधी एकदा करून दाखवलेले आहे, हे तुम्हाला सांगता येईल.

कंपन्या असे का करतात हे गुपित नाही. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि नफा शाईवर कमवायचा, हा या धंद्याचा जुना हिशेब आहे. एचपीचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी एनरिक लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत तो उघडपणे मांडला: गिऱ्हाईक प्रिंटर घेते तेव्हा ती कंपनीची गुंतवणूक असते, आणि त्या गिऱ्हाइकाने पुरेशी छपाई केली नाही किंवा कंपनीची शाई वापरली नाही तर ती गुंतवणूक वाया जाते, अशा आशयाचे ते बोलले. १६,५०० रुपये तुम्ही मोजले आणि गुंतवणूकदार मात्र ते, ही मांडणी तुम्हाला विचित्र वाटेल, मलाही वाटते. तरी हा माणूस आडपडदा न ठेवता बोलला याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. बाहेरच्या चिपमधून व्हायरस शिरू शकतो, असा दुसरा युक्तिवाद कंपन्या करतात. तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण धोका खरा असेल तर तो विक्रीच्या दिवशीही होताच. तेव्हा तो खोक्यावर ठळक का छापला नाही, आणि जोखीम पत्करायची की नाही हे ठरवणारे बटण मालकाच्या हातात का दिले नाही, याचे उत्तर त्या युक्तिवादात मिळत नाही.

आता चुलतदीरांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण अनेक छोटे दुकानदार याच समजुतीमुळे तक्रार करायला जातच नाहीत. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही. पण त्याच व्याख्येला जोडलेल्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’त मोडत नाही. ही तरतूद १९९३ मध्ये जुन्या कायद्यात आली आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात तिचा अर्थ सविस्तर सांगितला. पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारा, स्वतः लेथ चालवणारा माणूस ग्राहकच आहे, आणि त्याने मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही. तीच रिक्षा किंवा तेच लेथ दुसऱ्याकडून चालवून घेणारा मात्र ग्राहक ठरत नाही, असे न्यायालयाने उदाहरणांसह नमूद केले आहे. दुसऱ्याचे काम मोबदला घेऊन टाइप करून देणाऱ्याचा टाइपरायटरही त्या चर्चेत येतो, आणि तुमचा प्रिंटर त्या टाइपरायटरचाच वारस आहे. भाची मदतीला असल्याने तुमची अडचण होत नाही. फक्त तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे दुकान तुम्ही स्वतः चालवता, घर त्याच्यावर चालते आणि दुसरी शाखा नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहा. हे लिहायचे राहून गेले तर कंपनीचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेईल, आणि मग खरा मुद्दा बाजूला पडून तुम्ही ग्राहक आहात की नाही यावरच तारखा पडत राहतील.

खरा मुद्दा शाईचा नाही. विक्री पूर्ण झाल्यावर, पैसे मोजून झाल्यावर, कंपनीने तुमच्या घरातल्या यंत्राची एक क्षमता तुम्हाला न विचारता काढून घेतली, हा आहे. सोलापुरात यंत्रमागाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. माग विकणाऱ्याने दहा महिन्यांनी रात्री कारखान्यात शिरून, यापुढे या मागावर फक्त माझ्याच गिरणीचे सूत चालेल अशी व्यवस्था करून ठेवली, तर पूर्वभागातला कोणताही कारखानदार ते सहन करणार नाही. तारेवरून शिरणारा दिसत नाही, एवढाच काय तो फरक. मात्र अशा शिरण्याला नेमके नाव देऊन मनाई करणारे कलम आपल्या कायद्यात अजून नाही. म्हणून तुमची तक्रार उभी राहील ती विकताना तुम्हाला काय सांगितले आणि काय सांगितले नाही यावर. यामुळे दोन गोष्टी फार महत्त्वाच्या ठरतात आणि त्या दोन्ही तुमच्या घरात किंवा दुकानातच सापडतील.

पहिली गोष्ट प्रिंटरचा खोका. काही कंपन्या आता खोक्याच्या एका बाजूला बारीक अक्षरांत छापतात की हा प्रिंटर मूळ चिप असलेल्या कार्ट्रिजसाठीच आहे आणि पुढील अपडेटमुळे इतर कार्ट्रिज बंद होऊ शकतात. तुमच्या खोक्यावर असे वाक्य असेल तर तक्रार कमकुवत होते, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही ती संपत नाही. ते वाक्य कोणत्या भाषेत आहे, किती बारीक आहे, दुकानातल्या फलकावर किंवा जाहिरातीत त्याचा उल्लेख होता का, हे प्रश्न उरतात. असे वाक्य कुठेच नसेल तर तो कोरा खोका हाच तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार आहे. माळ्यावर असेल तर खाली उतरवा, सर्व बाजूंचे फोटो काढा आणि भाचीला सांगून ठेवा की तो रद्दीत जाता कामा नये. खोका आधीच गेला असेल तर त्याच मॉडेलचा दुकानातला नवा खोका पाहता येईल, पण त्यावरचा मजकूर मधल्या काळात बदललेला असू शकतो, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, पहिल्या दिवशी प्रिंटर सुरू करताना ‘मान्य आहे’ हे बटण कोणी दाबले. बहुतेक ठिकाणी दुकानाचा मुलगा येतो, वाय-फाय जोडतो, एकामागून एक बटणे दाबतो, एक चाचणीपान छापून दाखवतो आणि जातो. त्या बटणांमध्ये आपोआप अपडेट घेण्याची संमती असते. काही योजनांमध्ये वाढीव वॉरंटीच्या बदल्यात प्रिंटर कायम इंटरनेटला जोडून ठेवण्याची आणि कायम मूळ शाईच वापरण्याची कबुलीही असते. तुमच्या प्रिंटरच्या खात्यात अशी योजना चालू आहे का, ते आजच पाहा. असेल, आणि ती कबुली तुमच्याऐवजी त्या मुलाने दिली असेल, तर तसे तक्रारीत लिहा. इंग्रजी पडद्यावर, दुसऱ्याच्या हाताने दिलेली ही संमती जाणीवपूर्वक दिलेली कशी म्हणायची, हे मग कंपनीला सांगावे लागेल.

वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटर जे बोलले ते तोंडी बोलले आहे. ते लेखी मागा. लेखी मागताच सूर बदलतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. बाहेरच्या शाईने एखादा भाग खराब झाला असेल तर त्या भागाची जबाबदारी नाकारणे समजू शकते, पण बाहेरची शाई वापरली एवढ्याच कारणाने सगळी वॉरंटी रद्द करणे ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत याबाबत १९७५ पासून कायदा आहे. इटलीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये एचपीला १ कोटी युरोंचा दंड केला, त्यातही हा धागा होता: बाहेरच्या कार्ट्रिजवरील मर्यादा ग्राहकांना स्पष्टपणे सांगितल्या नाहीत, आणि प्रिंटरमध्ये कोणती कार्ट्रिज वापरली याची नोंद ग्राहकाच्या नकळत ठेवून तिचा उपयोग वॉरंटीतली सेवा नाकारण्यासाठी केला, असे दोन्ही ठपके ठेवले गेले. आपल्याकडे स्वतंत्र कायदा नसला तरी जवळचे उदाहरण आहे. सुट्या भागांच्या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे बजावले. काही कंपन्यांचा दंड पुढे अपिलात कमी झाला. प्रिंटरला तो आदेश थेट लागू होत नाही, तरी त्याचा उल्लेख नोटिशीत करा. वाचणारा अधिकारी त्यावर क्षणभर थांबेल.

आता प्रत्यक्ष कृतीबद्दल. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावरच नमते घेतात. त्यानंतर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर साध्या मराठीत किंवा इंग्रजीत एक नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिच्यात खरेदीची तारीख, किंमत, संदेश आल्याचा दिवस, फर्मवेअरचा क्रमांक आणि तुमची मागणी एवढेच असावे. पंधरा दिवसांत समाधान झाले नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. मंचाचे नाव आता आयोग झाले आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे कंपनीचे कार्यालय कुठेही असले तरी तिला इथे यावे लागेल. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. हे काम तुमच्या दुकानात तुम्ही इतरांसाठी रोजच करता. मुदत घटनेपासून २ वर्षांची आहे. कंपनीला उत्तर देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदतवाढ देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले. निकाल ३ महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त काळ जातो, तेवढी तयारी ठेवा.

एक खबरदारी घ्या. तुमचा पुतण्या किंवा एखादा हौशी सल्लागार तक्रारीत ‘कंपनीचा करार अन्यायकारक आहे’ असे ठासून लिहायला सांगेल. ते टाळा. अन्यायकारक कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, तो राज्य आयोगाला आहे, आणि केवळ त्या एका वाक्यासाठी तुम्हाला मुंबईची वाट धरावी लागेल. तुमची तक्रार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘वस्तूतील दोष’ या दोन शीर्षकांत पुरेशी बसते. मागण्याही मोजक्या ठेवा: प्रिंटर पूर्वीसारखा चालू करून द्यावा, ते जमत नसेल तर किंमत परत करावी, बंद पडलेल्या दिवसांचे नुकसान आणि तक्रारीचा खर्च द्यावा. नुकसानीसाठी वही किंवा यूपीआयचा हिशेब जोडा, त्या दिवसांची जमा आणि आधीच्या दिवसांची जमा शेजारी शेजारी दाखवा. १६,५०० रुपयांच्या प्रिंटरसाठी ५ लाखांची भरपाई मागणाऱ्या तक्रारीकडे आयोग जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

दुकानदाराबद्दल तुमच्या मनात जे आहे ते मला समजते. नवी पेठेत पुन्हा पाऊल टाकायचे आहे, आणि त्या माणसाने तुम्हाला फसवलेले नाही. तरीही तक्रारीत त्याचे नाव घालावे असे मी सुचवेन. विक्री त्याच्याकडून झाली आहे, पावती त्याची आहे, आणि त्याला वगळले तर कंपनी ‘विकताना काय सांगितले ते दुकानदाराला विचारा’ असे म्हणून हात झटकू शकते. त्याच्याविरुद्ध पैशाची कोणतीही मागणी नाही, असे तक्रारीतच लिहिता येते. नोटीस घरी पोचण्याआधी तुम्ही स्वतः त्याला भेटा आणि हे समजावून सांगा. अपडेटने बंद पडलेले असे आणखी काही प्रिंटर त्याच्याकडे परत आलेले असण्याची शक्यता आहे, आणि त्यामुळे त्यालाही गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागत असतील. खोक्यावरच्या अटींबद्दल कंपनीने आपल्याला काहीच कळवले नव्हते असे त्याने लिहून दिले, तर तुमचा हा प्रतिवादीच तुमच्या बाजूचा साक्षीदार होईल.

मिस्टरांचा सल्ला रागाच्या भरातला असला तरी हिशेबाला धरून आहे. पण आताच विकू नका, कारण तक्रार चालू असताना ती वस्तू तुमच्या ताब्यात असणे गरजेचे आहे. दुकान बंद ठेवणे परवडणार नाही, म्हणून तात्पुरता मार्ग सांगतो. काही कंपन्यांची ही तपासणी चिप पाहते, आतली शाई नव्हे. तिथे मूळ कार्ट्रिजच त्याच्या मूळ चिपसह पुन्हा भरून घेतले तर ते चालते. रिफिल करणाऱ्याला ही गोष्ट विचारून घ्या आणि आधी एकाच कार्ट्रिजवर करून पाहा. सेटिंगमध्ये आपोआप अपडेट बंद करता येत असेल तर करा, आणि प्रिंटर वाय-फायऐवजी केबलने जोडा. त्यामुळे सुरक्षेची अपडेटही येणार नाहीत, पण केबलने एकाच संगणकाला जोडलेल्या प्रिंटरला तो धोका कमी असतो. पुढे कधी नवा प्रिंटर घ्याल तेव्हा शाईच्या टाकीचा घ्या. गिऱ्हाइकांनी आणि मेकॅनिकांनी प्रिंटरला बाहेरून टाक्या जोडायला सुरुवात केली, आणि त्यानंतर एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर बाजारात आणला. त्याची काळ्या शाईची बाटली साधारण ६५ ते ७० मिलिलीटरची असते आणि कार्ट्रिजच्या मानाने एका पानाचा खर्च फारच कमी येतो. दुकानात प्रिंटरची किंमत विचारण्याआधी बाटलीची किंमत आणि तिच्यावर छापलेली पानांची संख्या विचारा, भागाकार तिथेच करा.

सरकारला दिसत नाही असे नाही, पण ते पाहते आहे मोबाइलकडे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक संकेतस्थळ सुरू केले. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचे गुण खोक्यावर छापावेत, अशी शिफारस दुसऱ्या एका समितीने मे २०२५ मध्ये केली. सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून करण्याचे तिने सुचवले आहे. प्रिंटर त्यात नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ची, ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा ऑनलाइन क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे वेबसाइट आणि ॲप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. ती प्रिंटरपर्यंत ताणता येतील, पण त्यांच्यावर मी भिस्त ठेवणार नाही. माझे मत विचाराल तर दंड वाढवून फारसे साधत नाही. १ कोटी युरो ही रक्कम मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात दिसतही नाही, आणि त्यातला एक पैसाही गिऱ्हाइकाच्या हातात पडत नाही. हवा आहे तो एक छोटा, नेमका नियम: विक्रीच्या वेळी असलेली कोणतीही क्षमता अपडेटने कमी करायची असेल तर मालकाला त्याच्या भाषेत विचारले पाहिजे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे यंत्र पूर्वीसारखे चालू राहिले पाहिजे. असा नियम करायला नवा कायदा लागेलच असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार आहे. तुमची तक्रार १९१५ वर नोंदली गेली की ती या प्राधिकरणाच्या नजरेस पडण्याच्या रांगेत लागते, हेही तक्रार करण्याचे एक कारण आहे.

शेवटी एक गोष्ट, जी बहुधा लवकरच घडेल. नोटीस पोचल्यावर कंपनीकडून गोड आवाजात फोन येईल आणि ‘सदिच्छा म्हणून’ मूळ कार्ट्रिजचा एक संच फुकट देऊ केला जाईल. त्याबरोबर एक कागद येईल, ज्यावर आता कोणतीही तक्रार उरली नाही असे छापलेले असेल. साडेचार हजारांचा संच ऐन हंगामात मोहात पाडणारा आहे, आणि तो शाई संपेपर्यंत पुरेल. जुनी आज्ञावली परत बसवून देत असतील, किंवा वॉरंटी कायम असल्याचे लेखी देत असतील, तर खुशाल सही करा आणि दुकानाला लागा. नुसताच संच असेल तर फोनवर हो किंवा नाही काहीच म्हणू नका. जे द्यायचे आहे ते ई-मेलने लिहून पाठवा, असे सांगा आणि तो ई-मेल आला की छापून त्या खोक्याच्या फोटोंबरोबर ठेवा.